बावन्नातून सतरा गेले

५२ वजा १७ बरोबर ४५. दुसरी-तिसरीच्या कुठल्याही वर्गात जाऊन वह्या चाळल्या, की हे उत्तर दोन-चार ठिकाणी तरी भेटतंच. लाल पेनाने त्यावर फुली मारायला वेळ लागत नाही. पण ज्या पोराने ते लिहिलंय त्याला जवळ बसवून विचारलं, ‘कसं केलंस रे?’, तर तो बिनघोर सांगतो, ‘दोनातून सात जात नाहीत. म्हणून सातातून दोन काढले, पाच. पाचातून एक गेला, चार.’ त्याच्या सांगण्यात गोंधळ कुठेच नसतो. मोठ्यातून लहान काढायचं हा नियम त्याने इमानेइतबारे पाळलेला असतो. आणि हा नियम त्याला पहिलीत, एक अंकी वजाबाकी शिकवताना, आपणच दिलेला असतो.

जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली शाळकरी मुलांच्या वजाबाक्यांमधल्या अशाच चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या लक्षात आलं, की बहुतेक चुका धांदरटपणाच्या नसतात. मूल प्रत्येक गणितात तीच चूक, त्याच रीतीने करत असतं. त्यावर त्यांनी ‘बगी’ नावाचा संगणकावरचा खेळ तयार केला. संगणक एखाद्या मुलासारखा ठरावीक चूक करत राहणार आणि शिक्षकाने ती कोणती ते ओळखायचं. मोठ्यातून लहान काढण्याची चूक अशा चुकांतली अगदी नेहमीची. आपल्याकडे शिक्षकांच्या प्रशिक्षणात चटया, चहा, बिस्किटं आणि स्लाइड शो एवढं सगळं असतं. असा एखादा खेळ असला तर निदान दुपारच्या सत्रात डुलक्या कमी होतील.

या वजाबाकीला देशाच्या शिक्षणव्यवहारात भलतंच महत्त्व आलं आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ ही पाहणी होते. कार्यकर्ते घरोघरी जातात, मुलासमोर कागद धरतात. आधी एक अंकी संख्या ओळखायच्या, मग दोन अंकी, मग दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि शेवटी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या शंभरातल्या साधारण २८ मुलांना ही वजाबाकी येत होती. करोनाकाळातल्या बंद शाळांनंतर, २०२२ मध्ये, हा आकडा २६ वर आला. २०२४ मध्ये तो ३४ च्या आसपास पोचला. वाढ आहे आणि ती चांगलीच आहे. पण ज्या ३४ जणांना वजाबाकी येते त्यांतल्या किती जणांना ती कशासाठी करायची हे कळतं, ते त्या कागदावर दिसत नाही.

ते बघायचं असेल तर तीन प्रश्न पुरतात. आईने १२ लाडू केले, ५ संपले, किती उरले? सुमीजवळ १२ बोरं आहेत, बाळूजवळ ५, तर सुमीजवळ किती जास्त? वही १२ रुपयांची, तुझ्याजवळ ५ आहेत, अजून किती लागतील? आपल्या लेखी तिन्ही प्रश्न एकच, १२ वजा ५. दुसरीतल्या मुलाच्या लेखी त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. लाडवांचं उत्तर येतं. बोरांच्या प्रश्नाला एका मुलीने मला उत्तर दिलं होतं, ‘सुमीजवळच जास्त आहेत की. बारा.’ तिचं काय चुकलं? तिसऱ्या प्रश्नात ‘अजून’ ऐकलं की बरीच मुलं सरळ बेरीज करतात, कारण ‘एकूण, अजून, मिळून आलं की बेरीज, उरले, गेले, संपले आलं की वजाबाकी’ असा मंत्र त्यांना कुणीतरी दिलेला असतो. परीक्षेत तो चालून जातो आणि म्हणूनच तो टिकून आहे.

वजाबाकी म्हणजे काढून टाकणं, एवढाच अर्थ शाळेत पक्का होतो. दोन गोष्टींमधलं अंतर, हा तिचा दुसरा अर्थ अर्धवट राहतो. माझं म्हणणं असं, की हा दुसरा अर्थ बेरीज-वजाबाकीच्या धड्यात हाती लागणारच नाही. तो मोजमापात लागतो. आणि मोजमापाकडेच आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

*

घरोघरी होणारं एक भांडण आधी सांगायला हवं. नातू गृहपाठ करत असतो, आजोबा शेजारी बसतात. आजोबांची रीत अशी: ‘दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच. हातचा एक. एक नि एक दोन. पाचातून दोन गेले तीन. पस्तीस.’ नातू अस्वस्थ होतो. बाईंनी वरचा पाच खोडून चार करायला सांगितलंय. आजोबा तर खालचा एक वाढवून दोन करताहेत! ‘आजोबा, असं नसतं.’ ‘मग इतकी वर्षं माझे हिशेब चुकले की काय?’ प्रकरण सुनेपर्यंत जातं.

दोघांचंही बरोबर असतं. शाळेची आजची रीत म्हणजे पाचातला एक दशक सुट्टा करायचा: चार दशक आणि बारा एकक. आजोबांच्या रीतीत वरच्या संख्येत दहा एकक मिळवायचे आणि खालच्या संख्येत एक दशक मिळवायचा. ५२ वजा १७ च्या जागी ६२ वजा २७. दोन्हीकडे दहा वाढले, फरक होता तेवढाच राहिला. गंमत अशी, की तो का राहतो हे आजोबांना त्यांच्या गुरुजींनी बहुधा सांगितलेलं नसतं. ‘हातचा’ कुठून आला, हे विचारणाऱ्याच्या हातावर छडी बसायची. जुन्या पाठांतराबद्दल हळवं होणाऱ्यांनी हेही आठवावं.

का राहतो, ते एका जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंनी फार सोप्या रीतीने दाखवलं. एक उंच मुलगा आणि एक ठेंगणी मुलगी भिंतीला टेकवून उभी केली. डोक्याशी खडूच्या खुणा केल्या, मधलं अंतर सुतळीने घेतलं. मग दोघांनाही सारख्या उंचीच्या बाकांवर चढवलं. ‘आता फरक वाढला का?’ वर्गात दोन तट पडले. वाढला म्हणणारे बरेच निघाले, कारण दोघंही उंच झाली होती. सुतळी पुन्हा लावली, ती तेवढीच भरली. मग फळ्यावर १२ वजा ५, १३ वजा ६, १४ वजा ७ अशी उतरंड लिहिली गेली आणि पुढची मुलांनी स्वतःच रचली. एक जण १०० वजा ९३ पर्यंत पोचला. हे सगळं झालं ते सुतळी नि खडूच्या जोरावर.

दुसरं साधन मण्यांचं. शंभर मण्यांची माळ, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’ या गटाने ही गणितमाला आपल्याकडे रुजवली. तिच्यामागचा विचार नेदरलँड्सचे गणितज्ञ हान्स फ्रॉइडेन्थाल यांच्या परंपरेतला आहे. माळेवर १७ व्या मण्यानंतर एक चिमटा आणि ५२ व्या मण्यानंतर दुसरा. मध्ये किती? मुलं एकेक मणी मोजत बसत नाहीत. १७ पासून २० पर्यंत तीन, तिथून ५० पर्यंत तीस, वर दोन. पस्तीस. ना खोडाखोड, ना हातचा. पुढे मणीही लागत नाहीत. वहीत एक आडवी रेघ मारून तिच्यावर उड्या काढल्या की झालं.

वाण्याची रीत हीच होती. त्रेसष्ट रुपयांचा माल घेऊन शंभरची नोट दिली, तर तो वजाबाकी करत नसे. ‘त्रेसष्ट, हे दोन पासष्ट, हे पाच सत्तर, हे दहा ऐंशी आणि हे वीस, शंभर,’ म्हणत पैसे तळहातावर ठेवायचा. शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या कानावरून ही चढती वजाबाकी दिवसातून दोनदा तरी जायची. आता दुकानात क्यूआर कोड लागलाय. पैसे आल्याचं एक डबडं बोलून सांगतं. सुटे परत करायचेच नसतात. सोय झाली हे खरंच. पण गणिताचा एक फुकटचा तास बंद पडला याची नोंद शाळेने घ्यायला हवी होती.

काड्यांचे गठ्ठे मात्र माळेने रद्द होत नाहीत. दहा काड्यांना रबर लावून दशक बांधणं आणि गरज पडली की ते रबर स्वतःच्या हाताने सोडणं, हे ज्याने केलं नाही त्याला ‘दशक सुट्टा केला’ हे वाक्य मंत्रासारखंच वाटणार. बऱ्याच वर्गांत गठ्ठे असतात, पण बाईंच्या टेबलावर. बाई सोडतात, मुलं बघतात.

*

मराठी मुलापुढे आणखी एक खास अडचण असते. ‘सत्तेचाळीस’ ऐकताना सात आधी कानावर पडतात, लिहायचे मात्र चार आधी. मूल ऐकल्याबरोबर लिहू लागलं, की ७४ होतात. ‘एकोणचाळीस’मध्ये तर चाळीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात तीस नि नऊ. कन्नड किंवा तेलुगू मूल दशक आधी म्हणतं आणि आधीच लिहितं. त्याला हा वळसा नाही. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन प्रचलित नावांच्या बरोबरीने आलं. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधानसभेत टिंगल झाली, समाजमाध्यमांवर विनोदांचा पूर आला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की जुनी नावं काढलेली नाहीत, जोडीला सोपी वाट दिली आहे. २०२३ मध्ये त्या गेल्या.

त्यांचं निदान बिनतोड होतं, असं मला वाटतं. औषधाबद्दल मतभेद होऊ शकतो, कारण घरी, बाजारात, एसटीत ‘सत्तेचाळीस’च चालणार. पण हसणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी पहिलीच्या वर्गात बसून ४७ आणि ७४ यांच्यात हेलपाटणारं मूल पाहिलं असेल. मोठ्यांना ही नावं पाठ होऊन इतका काळ लोटलेला असतो, की त्यांतली चढण त्यांना दिसतच नाही.

*

आता मोजमाप. पहिली-दुसरीत ते वितीने, पावलांनी, पेन्सिलींनी सुरू होतं. टेबल किती विती? मुलांच्या नऊ भरल्या, बाईंच्या सहा. खरं टेबल कोणाचं? चांगल्या बाई इथे घाई करत नाहीत. मुलांना भांडू देतात. ‘बाईंचा हात मोठा आहे म्हणून’ हे कोणीतरी म्हणतंच. पण हात मोठा, तर आकडा लहान का, हे उमगायला वेळ लागतो. माप मोठं की गणती कमी, हा उलटा संबंध सात वर्षांच्या डोक्याला सहज पचत नाही, आणि पुढे मीटरचे सेंटिमीटर करताना गुणायचं की भागायचं हा प्रश्न इथूनच चिघळत जातो.

पेन्सिलींनी मोजताना आणखी गमती. दोन पेन्सिलींच्या मध्ये फट सोडायची नाही, एकीवर दुसरी चढवायची नाही, हे सांगून कळत नाही. दोन गटांची उत्तरं वेगळी आली, की मुलं आपणच शोधाशोध करतात आणि ‘यांनी जागा सोडली!’ असा आरडाओरडा होतो. असा आरडाओरडा झाला तर तास चांगला चाललाय असं खुशाल समजावं.

मग पट्टी येते आणि नेमकं इथेच पाणी मुरतं. पट्टीवर शून्यापाशी टोक ठेवा, दुसऱ्या टोकाचा आकडा वाचा. झालं मोजमाप. मूल मोजत नाही, वाचतं. याची परीक्षा घ्यायला तुटलेली पट्टी हवी. वर्गात ती मिळतेच. तीनपासून पुढचीच उरलेली, कडेला दातांच्या खुणा असलेली. त्या पट्टीवर खोडरबराचं एक टोक ३ वर आणि दुसरं ८ वर. लांबी किती? निम्मी मुलं म्हणतात ८. काही जण तीन, चार, पाच, सहा, सात, आठ अशा रेघा मोजतात आणि ६ म्हणतात. हे दुसरे माझ्या मते पहिल्यांपेक्षा पुढे आहेत, कारण ते निदान मोजायला लागलेत, फक्त घरांऐवजी रेघा मोजताहेत. घरं मोजली की पाच. आणि पाच म्हणजे ८ वजा ३. कोणी काही काढून टाकलेलं नाही, काही खाल्लेलं नाही, काही हरवलेलं नाही. तरीही वजाबाकी. बोरांच्या प्रश्नात अडकलेल्या त्या मुलीला हवी होती ती ही वजाबाकी. ती तिला मोडक्या पट्टीवर सापडली असती, पण आपण तिला पट्टी नवी आणायला सांगतो.

मग हे शिकवलं का जात नाही? शिक्षकांचं उत्तर सरळ असतं: मोजमापाची पानं बहुधा पुस्तकाच्या उत्तरार्धात येतात आणि तोवर वेळ संपलेला असतो. दोनशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-तीन इयत्ता, त्यात ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराच्या नोंदी, मतदार याद्या. ‘बेरीज-वजाबाकी तपासायला येतात, मापन कोणी तपासत नाही,’ असं एक गुरुजी म्हणाले. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानातही दुसरीच्या मुलाला ९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि ९९ पर्यंतची वजाबाकी यावी, अशी उद्दिष्टं ठळक अक्षरांत भिंतीवर असतात. जे भिंतीवर असतं ते होतं. बीडसारख्या भागात तर आणखी एक गाठ आहे. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि ऊसतोड कुटुंबांची मुलं आईबापांबरोबर फडावर जातात. दुसऱ्या सत्रात लिटर नि किलोग्रॅम शिकवले जातात, तेव्हा ती वर्गात नसतात. मोळ्या मोजल्या जातात आणि उसाचं वजन होतं तिथे असतात.

साहित्याची उणीव म्हणाल, तर तीही पूर्ण खरी नाही. शाळांना गणित पेट्या मिळाल्या आहेत. काही ठिकाणी त्या रोज उघडतात. काही ठिकाणी कपाटात कुलपात असतात, कारण ठोकळा हरवला तर हिशेब कोण देणार? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला मॉंटेसरी पद्धत आणली, तेव्हा तिची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, शंख, पानं, खडे घेतले. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. ते साहित्य हरवलं तरी कोणी जाब विचारत नसे. साहित्याच्या बाबतीत हा गुण फार मोलाचा आहे.

*

घरात मापं होती, ती गेली. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली: धान्य मोजायचं हे कोष्टक बऱ्याच भागांत तळापासून शेरापर्यंत दुपटीने चढत जायचं. त्यामुळे निम्मं, पाव, अर्धा पाव हे अपूर्णांक आकड्यांच्या आधी हाताला कळायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनच्या पटीची औटकी हे पाढे याच व्यवहारासाठी होते. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १६ आणे गेले, पाठोपाठ मेट्रिक मापं आली आणि औटकीची गरज संपली. ते योग्यच झालं. गावागणिक बदलणारी पायली व्यापाऱ्याच्या सोयीची होती. तरी ‘पावशेर मिरची’ अजून बाजारात मिळते आणि ती २५० ग्रॅम भरते. हा धागा दुसरीच्या वर्गात वापरायला काय हरकत आहे?

बाजारातलं गणित वर्गात येत नाही आणि वर्गातलं बाजारात जात नाही, हे आता चांगलं नोंदलं गेलंय. १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात टेरेझिन्हा काराहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पाच मुलांना विक्रीचे हिशेब विचारले: ९८ टक्के उत्तरं बरोबर. तेच हिशेब कागदावर मांडून दिले: ३७ टक्के. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीतल्या मुलांच्या कामधंद्यातल्या गणिताचा अभ्यास केला. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. त्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी चौदाशेच्या वर मुलं तपासली. गिऱ्हाइकाचा हिशेब ती तोंडी, चटकन, बिनचूक करत. शाळेच्या मांडणीतलं साधं गणित त्यांना अडत असे. आणि बाजारात काम न करणारी शाळकरी मुलं? कागदावर बरी, पण दुकानात उभी केली की गडबडत. आपली मुलं शाळेत जातात म्हणून आपण निर्धास्त असतो. हा दुसरा निष्कर्ष आपल्यासाठी आहे.

यावर आपल्या शाळांनी शोधलेला उतारा म्हणजे वर्षातून एकदा भरणारा बालबाजार. पोरं भाजी, भेळ, लिंबू सरबत विकतात, सरपंच फीत कापतात, फोटो निघतात. अशा बाजारांत मी पाहिलंय, की वजन आई करते, पैसे मामा घेतो, सुटे देण्याचं काम गुरुजींकडे. मूल पाटी लावून उभं. एका शाळेत मात्र बाईंनी मोठ्यांना दोरीच्या बाहेर ठेवलं होतं. वजनं मुलांनीच घालायची, सुटे मुलांनीच द्यायचे, मोबाइलवरून पैसे घ्यायचे नाहीत, आणि संध्याकाळी प्रत्येक गटाने गल्ला जमवून दाखवायचा. भेळेच्या गटाने चाळीस द्रोण भरले होते, एक पाच रुपयांना. विक्री संपली तेव्हा शिलकीत सहा द्रोण होते आणि गल्ल्यात एकशे साठ रुपये. बाईंनी विचारलं, ‘किती हवे होते?’ एकाने पाचापाचाने उड्या मारत चौतीस द्रोणांचे एकशे सत्तर काढले. मग दहा रुपयांवरून चौघांत जुंपली. गिऱ्हाइकाला जास्त सुटे दिले, कोणीतरी खिशात टाकले, नाणं मातीत पडलं, असे आरोप झाले. गटातली सगळ्यात गप्प पोरगी तेवढ्यात उठली, टेबलाखाली वाकली आणि दोन रिकामे द्रोण बाहेर काढून तिने गल्ला सांभाळणाऱ्याच्या पुढ्यात ठेवले. ‘हे कुणी खाल्ले?’ तो म्हणाला, ‘मी विकत होतो म्हणून खाल्ले.’ बाईंनी वहीत त्याच्या नावावर दहा रुपये उधारी मांडायला लावली.